आईचे रक्त आणि पोटातले मूल



पोटातले मूल तोंडाने खात नाही. त्याचे अन्न आईच्या रक्तातून, वारेतून आणि नाळेतून येते. रक्तात सत्त्व कमी असले किंवा वार नीट काम करीत नसली, की मुलाची वाढ खुंटते. जन्मताना अडीच किलोपेक्षा कमी भरलेले मूल लवकर आजारी पडते. हे आधी थोडेफार रक्तावरून कळते.

१९९३ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी जवळच्या सहा खेड्यांत अभ्यास सुरू केला. गरोदर बाया काय खातात ते लिहून घेतले. त्यांचे रक्त तपासले. मग जन्मलेली मुले तोलली. भाकरी किती खाल्ली, याचा मुलाच्या वजनाशी फारसा मेळ बसला नाही. पण ज्या बाया पालेभाजी वरचेवर खात, त्यांची मुले जास्त भरली. ज्या बायांचे स्वतःचे वजन ४० किलोहून कमी, त्यांच्यात हा फरक ठळक दिसला.

रक्तातही खूण सापडली. फोलेट नावाचे जीवनसत्त्व पालेभाजीत असते. ते ज्यांच्या रक्तात जास्त, त्यांची मुले वजनदार. होमोसिस्टीन हा दुसरा पदार्थ. फोलेट किंवा बी-१२ हे जीवनसत्त्व कमी पडले, की तो रक्तात वाढतो. तो जास्त असेल, तर मूल लहान भरण्याचा संभव असतो. बी-१२ मात्र मेथी-चाकवतात नसतं बरं का! ते दूध, अंडी, मासळी यांत असतं.

आता आपल्याकडे दूध कुठे जाते? सकाळीच किटलीतून डेअरीवर. सून कोऱ्या चहावर! जेवायलाही ती सगळ्यांच्या मागून बसते, तोवर भाजीचे पातेले खरवडलेले असते. कोणी म्हणतात, पोरीने जास्त खाल्ले तर मूल मोठे होईल, बाळंतपण अडेल. मला हे मुळीच पटत नाही.

होमोसिस्टीन प्रत्येकीचे तपासत नाहीत. हिमोग्लोबिन मात्र तपासतात. गरोदरपणी ते ११ च्या खाली असले, तर रक्त कमी आहे असे समजावे. ७ च्या खाली गेले, तर फार कमी. मग दवाखान्यात जायला उशीर करू नये. एका आकड्यावरून मुलाची वाढ ठरत नाही. म्हणून नर्सबाई पोटाची वाढ मोजतात, डॉक्टर सोनोग्राफी सांगतात. तरी आकडा विचारावा. तो कार्डावर लिहिलेला असतो, आणि आता तुम्हांला वाचता येतो.

२०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची फुकट तपासणी होते. नवऱ्याने सोबत जावे. कार्ड बरोबर न्यावे.