प्लेटलेटपलीकडचा तक्ता



डेंग्यूची साथ आली की वॉर्डाबाहेर एकच प्रश्न कानी पडतो : "डॉक्टर, प्लेटलेट किती झाल्या?" कोणी पपईच्या पानांचा रस घेऊन उभा असतो. धोका मात्र बहुधा दुसरीकडेच दबा धरून असतो. आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान ताप उतरतो, घरच्यांना हायसे वाटते, आणि नेमक्या त्याच सुमारास केशवाहिन्या पाझरू लागतात. प्लाझ्मा छातीत, पोटात साठतो. रक्त घट्ट होते. पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचे प्रमाण, मूळच्या आकड्यापेक्षा २० टक्क्यांनी किंवा त्याहून अधिक चढतो. रक्ताचा एक थेंब न सांडता रुग्ण शॉकमध्ये जाऊ शकतो.

केशवाहिन्या आणि ऊती यांच्यातल्या पाण्याच्या देवघेवीचे गणित शरीरक्रियाशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १८९६ मध्ये मांडले. वाहिनीतला दाब पाणी बाहेर ढकलतो, अल्ब्युमिनसारखी प्रथिने ते आत धरून ठेवतात. शिरेकडच्या टोकाला बरेचसे पाणी पुन्हा आत शिरते, असे पाठ्यपुस्तकांनी कित्येक पिढ्यांकडून घोकून घेतले. लेविक आणि मिशेल या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये ही समजूत खोडली. बहुतेक ऊतींतले पाणी रक्तात परतते ते लसीकावाहिन्यांच्या वाटेने. (जुन्या आकृतीवर मिळालेले गुण आता कोणी परत मागणार नाही!) प्रथिने अडवण्यात वाहिनीच्या आतल्या ग्लायकोकॅलिक्स या नाजूक थराचा मोठा वाटा असतो, आणि डेंग्यूचे एनएस-१ प्रथिन तोच थर कुरतडते, हे प्रयोगांत दिसले आहे.

पण फुप्फुसात पाणी दिसले म्हणजे वाहिनीची भिंतच झिरपली, असे नाही. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात विंचूदंशावर प्रॅझोसिन हे औषध वापरून कोकणातले कितीतरी प्राण वाचवले. त्या रुग्णांच्या फुप्फुसात पाणी येते ते मुख्यतः रक्तदाबाच्या उसळीमुळे आणि दमलेल्या हृदयामुळे. तिथे सलाईनचा मारा घातक. डेंग्यूच्या शॉकमध्ये तेच सलाईन जीव वाचवते. मात्र २४ ते ४८ तासांत गळती थांबली, पाणी वाहिन्यांत परतू लागले आणि बाटली तशीच चालू राहिली, तर रुग्णाला धाप लागते.

सभागृहातल्या प्रतिनिधींना एकच विनंती : दुपारच्या चर्चेत प्लेटलेटच्या आकड्यांसोबत पीसीव्ही, लघवी आणि सलाईन यांचे तासागणिक तक्तेही मांडावेत, हाती न लागलेल्या रुग्णांचे तर आवर्जून.