एस. टी.चे स्थानक आणि आपण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी परवा मला विचारले, "यंदा तुम्ही कशावर बोलणार?" मी म्हटले, "एस. टी. स्टँडवर." त्या क्षणभर गप्प झाल्या. त्यांना वाटले, मी स्टँडवर उभी राहूनच बोलणार आहे की काय! तेव्हा खुलासा करते. बोलायचे आहे ते येथेच; परंतु ज्या फलाटावर आपल्या आयुष्याचे कितीतरी तास गेले, त्याच्याविषयी चार शब्द बोलावेत असे मनात आहे. माहेरपणाला निघालेल्या, बाळंतपणाला गेलेल्या, कोर्टकचेरीच्या तारखेला एकटीच निघालेल्या, अशा कितीजणींची पिशवी त्या बाकावर टेकली असेल! पण त्याचा विचार आपण कधी केला नाही.

आपल्या एस. टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ या दिवशी पुण्याहून अहमदनगरला गेली. त्यापूर्वी खाजगी मोटारी होत्या. पण गाडी भरेल तेव्हा सुटायची आणि मालकाला परवडेल तेथेच जायची. प्रवास ही लोकांची गरज आहे, ती केवळ नफ्यावर सोपवता येणार नाही, हा विचार त्या काळी देशभर रुजत होता. निजामाच्या राज्यात तर १९३२ मध्येच अवघ्या सत्तावीस गाड्यांनी सरकारी वाहतूक सुरू झाली होती. पुढे १९५० मध्ये मार्ग परिवहन महामंडळांचा कायदा झाला. १९५६ च्या राज्य-पुनर्रचनेनंतर मराठवाडा व विदर्भ मुंबई राज्यात आले, तशी तेथली सरकारी वाहतूकही एकत्र झाली. १९६० मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले आणि गाड्यांचीही वाटणी झाली. गोव्याचे कदंब महामंडळ १९८० मधले. एवढ्या मोठ्या देशात बहुतेक प्रत्येक मोठ्या राज्याने आपापला संसार असा मांडला, आणि एका राज्याची गाडी दुसऱ्या राज्यात जावी म्हणून आपसांत करारही केले. म्हणून तर कोल्हापूरच्या फलाटावर कन्नड पाटीची गाडी आपल्या लाल गाडीशेजारी सुखाने उभी असते.

हा संसार चालतो कसा, हे सांगितले तर तुम्हाला लगेच कळेल, कारण आपणही घर असेच चालवतो. एस. टी.ची सुमारे अडीचशे आगारे आहेत. गाड्या तेथे मुक्कामाला असतात, तेथेच त्या धुतल्या जातात, दुरुस्त होतात. कोणती गाडी कोठे, कोणता चालक, कोणता वाहक, याचा तक्ता आदल्या दिवशी लागतो. लांब पल्ल्याची गाडी भरून जाते, चार पैसे मिळवते. आडगावची गाडी दहा माणसे घेऊन जाते आणि तोटा आणते. मिळवत्या मुलाच्या पगारावर शिकणाऱ्या मुलाची फी भरावी, तसे हे आहे. पण मिळकत कमी पडू लागली की घरात जसे आधी दूध पाव शेर कमी होते, तशी येथे आधी आडगावची फेरी कमी होते. हे ध्यानात ठेवा; पुढे याच गोष्टीकडे यायचे आहे.

आता थोडे माझ्याविषयी. आमचे गाव घाटाखालचे. शाळा सातवीपर्यंत. हायस्कूल तालुक्याला, सात मैलांवर. मी सातवी झाले आणि दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सांगून टाकले, "आता पुरे. पोरीला रोज कोण नेणार?" आई चुलीपुढून म्हणाली, "गाडी नेईल की." त्याच वर्षी आमच्या गावाला मुक्कामी गाडी सुरू झाली होती. रात्री आठाला यायची, देवळापुढे उभी राहायची, आणि सकाळी सहाला निघायची. चालक-वाहक देवळाच्या ओवरीत झोपत. गावातून कोणी भाकरी देई, कोणी ताक. आईने त्या वाहककाकांनाच विचारले, "भाऊ, पोरीकडे बघाल ना?" ते म्हणाले, "वहिनी, पोरी चढल्याशिवाय डबल बेल देणार नाही." आणि त्यांनी ती कधीही दिली नाही. आम्ही तिघी होतो. धावत येताना लांबूनच त्यांचा आवाज ऐकू यायचा, "सावकाश या, पडाल!"

एके दिवशी श्रावणात ओढ्याला पूर आला. संध्याकाळची गाडी अर्ध्या वाटेवरून तालुक्याला परत फिरली. अंधार पडला. आम्ही तिघी बाकावर दप्तरे पोटाशी धरून रडायच्या बेतात बसलो होतो. कंट्रोलरसाहेब खिडकीतून बाहेर आले, नावे विचारली, आणि आम्हाला स्वतः आपल्या बिऱ्हाडी घेऊन गेले. त्यांच्या बाईंनी पिठले-भाकरी वाढली, गोधड्या अंथरल्या. पहाटे पाणी ओसरताच दादा चिखल तुडवीत आले. आम्ही चहा पीत होतो. घरी आल्यावर आईने भीत भीत विचारले, "मग आता शाळेचं?" दादा म्हणाले, "त्याचं काय? उद्याही गाडी आहेच की."

भगिनींनो, त्या एका वाक्यावर मी मॅट्रिक झाले, मास्तरीण झाले. त्या रात्री मला उमगले की स्थानक म्हणजे नुसती पत्र्याची शेड नव्हे. तेथे कोणीतरी जबाबदार माणूस जागे असते, म्हणून ते स्थानक. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्याच्या स्वारगेट स्थानकात उभ्या गाडीत एका तरुणीवर अत्याचार झाल्याची बातमी वाचली, तेव्हा मला त्या कंट्रोलरसाहेबांचीच आठवण झाली. त्यानंतर स्थानकांच्या सुरक्षिततेची तपासणी करण्याचे व बंद पडलेल्या गाड्या हलवण्याचे आदेश निघाले. ते योग्यच झाले. पण मुलींना घरी बसवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. दिवा लागलेला हवा, चौकशीच्या खिडकीत माणूस हवे, आणि फलाटावर आपण बायका मोठ्या संख्येने हव्यात.

कारण आज बाईच्या प्रवासाला कधी नव्हे एवढी सोय आहे. १७ मार्च २०२३ पासून एस. टी.त आपल्याला अर्धे तिकीट आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून प्रवास मोफत आहे. पाचवी ते बारावीच्या ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकरांच्या नावाने मोफत पास मिळतो. कर्नाटकात जून २०२३ पासून आणि तेलंगणात त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून तेथल्या स्त्रिया साध्या सरकारी गाड्यांतून विनातिकीट जातात. बाई आता गाडीत नुसती बसत नाही, तिकिटेही फाडते आणि चाकही हाती घेते. तामिळनाडूत वसंतकुमारी या बाई १९९३ मध्येच सरकारी बसच्या चालक झाल्या होत्या!

एवढे सारे असून आपल्या शेजारच्या वाडीची सकाळची फेरी गेल्या वर्षी बंद झाली. का झाली? आपण लगेच सरकारला बोल लावतो. मी मात्र आज स्वतःला लावणार आहे. गाडी सातला, आणि वडापची जीप पावणेसातला. जीप दाराशी थांबते, हाक मारते. मी वाडीला बहिणीकडे जाते, तेव्हा मीही जीपनेच परत येत होते, पंधरा मिनिटे वाचतात म्हणून. मागून गाडी यायची ती रिकामी. भारमान घटले, फेरी गेली. आता जीपवाला परीक्षेच्या दिवशी लग्नाच्या वऱ्हाडाला जातो, कारण त्याला भाडे जास्त मिळते. आणि त्यालाही पोट आहे, त्याला मी दोष देत नाही. पण जीपमध्ये ना अर्धे तिकीट, ना मुलींचा पास. वाडीच्या पाच मुली हायस्कुलात येत होत्या. दोघी मामाकडे राहिल्या. एकीला भाऊ सायकलवर आणतो. उरलेल्या दोघी घरी बसल्या. त्यांतली एक गणितात पहिली येत असे. माझी वाचलेली पंधरा मिनिटे तिला महाग पडली.

म्हणून मंडळापुढे एक साधी सूचना ठेवते. येत्या सोमवारपासून आठ दिवस, सकाळी साडेसहा ते साडेआठ, आपल्यातल्या दोघी-दोघींनी स्थानकावर बसावे. एक वही घ्यावी. वाडीकडून किती माणसे कशाने आली, त्यांत विद्यार्थी किती, बायका किती, हे लिहावे. दिवा, पिण्याचे पाणी आणि बायकांची मुतारी यांचीही नोंद करावी, लाजू नये. हेडमास्तरांकडून मुलींची यादी घ्यावी, वाडीच्या ग्रामसभेचा ठराव घ्यावा, आणि हे सारे घेऊन आगार व्यवस्थापकांना भेटावे. नुसत्या तक्रारीला उत्तर मिळते. आकड्यांना गाडी मिळण्याचा संभव असतो. आणि अर्जाच्या शेवटी आपण लिहून द्यावे की, फेरी सुरू झाली तर आम्ही तिनेच प्रवास करू. हे वाक्य सर्वांत अवघड आहे, कारण ते पाळायचे आपल्याला आहे.

हळदीकुंकू झाल्यावर वही दाराजवळच्या टेबलावर ठेवते. पहिल्या दिवशी माझे नाव आहे. त्याशेजारची जागा रिकामी आहे. थर्मासभर चहा मी आणीन, बशी आपापली आणावी.