अक्कलदाढ : ठेवावी की काढावी?

(मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी वर्षाच्या या मालेत विद्वानांची भाषणे झाल्यावर आम्ही एका दाढेवर बोलावयास उभे राहावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. आम्ही वैद्य नाही. परंतु गेल्या वर्षी, वयाच्या ४९ व्या वर्षी, आम्हांस अक्कलदाढ आली आणि तिने आमची पाच महिने झोप उडविली. त्या काळात जे वाचले, विचारले आणि भोगले ते सांगावे, असा चिटणिसांचा आग्रह पडला.

आपण हिला अक्कलदाढ म्हणतो, येथील बंगाली शेजारी ‘आक्केल दाँत’ म्हणतात, गुजराती बंधूंची ती डहापणदाढ आणि तमिळ भाषकांचा तो ज्ञानाचा दात. सर्वांनाच शहाणपण सुचले, कारण ती साधारणपणे १७ ते २५ या वयात उगवते. आमची अक्कल पंचवीस वर्षे उशिरा आली, हे घरातून किती वेळा ऐकावे लागले त्याची गणती नाही.

वस्तुतः ती ‘आली’ नव्हतीच. तारुण्यापासून ती हिरडीखाली, पुढच्या दाढेवर रेलून पडलेली होती. जबड्यात जागा अपुरी, म्हणून वर येता आले नाही. वयोमानाने हिरडी आणि हाड थोडे मागे सरकले आणि तिचा एक कोपरा उघडा पडला, एवढेच. त्या कोपऱ्यावर हिरडीचा एक पदर राहतो, त्याखाली अन्नकण साचतात आणि जंतूंना घर मिळते. गाल सुजला, तोंडात दोन बोटेही शिरेनात, ताप भरला. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या यांनी सूज उतरली. सूज उतरली की मनुष्य विसरतो, आम्हीही विसरलो. तीन महिन्यांनी तोच प्रकार पुन्हा झाला.

मग सल्ल्यांचा पाऊस पडला. एका दंतवैद्यांनी सांगितले, सगळ्या अक्कलदाढा एकदमच काढून टाका. दुसऱ्यांनी सांगितले, या वयात हात लावू नका. नागपुराहून आत्याबाईंनी फोनवर बजावले, “वरची दाढ काढू नकोस रे बाबा, डोळे जातील.” ही समजूत आपल्याकडे घरोघरी आहे. दातांच्या संवेदना नेणारे मज्जातंतू आणि दृष्टीचा मज्जातंतू हे सर्वस्वी वेगळे. परंतु दात काढण्याची वेळ आणि चष्म्याचा नंबर वाढण्याची वेळ पुष्कळदा एकच येते, आणि लोकांनी दोहोंची गाठ घातली.

दोन्ही दंतवैद्यांच्या म्हणण्याला आधार होता, हे मात्र मान्य केले पाहिजे. त्रास नसतानाही तरुणपणीच अक्कलदाढा काढून टाकण्याची प्रथा अनेक देशांत होती. ब्रिटनमधील ‘नाइस’ या आरोग्यसंस्थेने २००० साली सांगितले की, अडकलेली परंतु निरोगी दाढ केवळ खबरदारी म्हणून काढू नये. पुढे तेथीलच काही शल्यवैद्यांनी दाखवून दिले की, अशा ठेवलेल्या दाढांपैकी कित्येक मागाहून काढाव्याच लागतात, आणि तोवर कधीकधी शेजारची दाढही किडलेली असते. उतारवयाकडे झुकताना हे काम अवघड होते. मुळे पूर्ण वाढलेली, हाड घट्ट आणि जखम भरण्यास विलंब. त्यात कोणास मधुमेह, कोणी रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेणारे, कोणी हाडे ठिसूळ झाली म्हणून औषध चालू असलेले. ही औषधे दंतवैद्यांस आधी सांगावीत. आपल्या मनाने बंद करू नयेत.

आमची भीती निराळीच होती. खालच्या जबड्याच्या हाडातून एक मज्जातंतू जातो आणि खालच्या ओठास व हनुवटीस संवेदना देतो. दाढेची मुळे त्याला खेटून असली, तर काढताना त्यास इजा पोहोचू शकते. कायमची बधिरता एकंदरीत शंभरात एकापेक्षाही कमी जणांस येते. पण मंडळाच्या गणेशोत्सवातील नाटकात तेवीस वर्षे रंगास तोंड लावलेल्या माणसाने तो ‘एक’ आपणच असे धरून चालावे, हे स्वाभाविक आहे.

भारतातील पहिले दंतमहाविद्यालय डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० साली आपल्या याच शहरात काढले, हे येथे पुष्कळांना ठाऊक नसेल. या शहरातल्याच एका वृद्ध अध्यापकांकडे आम्ही शेवटी गेलो. त्यांनी वय विचारले नाही, दुखते का हेही आधी विचारले नाही. संपूर्ण जबड्याचे क्ष-किरण चित्र उजेडासमोर धरून ते बंगालीत एवढेच म्हणाले, ही शेजारणीला काय करते आहे ते पाहू. बाराव्या वर्षी आलेली आमची धडधाकट दाढ मागच्या बाजूने काळवंडली होती. तेथे ब्रश पोचत नव्हता आणि पोचणार नव्हता.

आमचा निर्णय तेथे झाला. वरची डावी अक्कलदाढ सरळ आलेली, घासता येणारी, ती ठेवावयाची. वरची उजवी मुळात तयारच झालेली नाही, असेही पुष्कळांत असते. खालची उजवी संपूर्ण हाडात गाडलेली, कोणाच्या वाटेस न जाणारी. तिला छेडावयाचे नाही, फक्त ठराविक मुदतीने चित्र काढावयाचे. खालची डावी काढावयाची. मुळे मज्जातंतूस अगदी चिकटली असती, तर वरचा भाग कापून मुळे आतच ठेवण्याचाही मार्ग होता. त्रिमितीय चित्रात मध्ये हाडाचा पातळ पडदा दिसला, म्हणून पूर्ण काढण्याचे ठरले.

जागेवरची भूल देऊन, दाढेचे तीन तुकडे करून, पन्नास मिनिटांत काम झाले. पुढे दोन-तीन दिवस जोराने थुंकावयाचे नाही, नळीने प्यावयाचे नाही, विडी-सिगारेट तर मुळीच नाही. कारण जखमेतील रक्ताची गुठळी निसटली, तर उघड्या हाडाच्या कळा दोन-चार दिवसांनी सुरू होतात. आम्ही हे कसोशीने पाळले. ओठाची भूल मात्र संध्याकाळी उतरली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. डाव्या कोपऱ्यातून चहा हनुवटीवर ओघळे आणि आम्हांस कळत नसे; सौभाग्यवती रुमाल पुढे करीत. त्या वर्षी आमची भूमिका दुसऱ्या सभासदाने केली आणि आम्ही विंगेत पुस्तक घेऊन बसलो. नवव्या आठवड्यात ओठाला मुंग्या येऊ लागल्या, मग हळूहळू स्पर्श परतला.

कीड भरून घेतल्यामुळे शेजारची दाढ वाचली. पहिली सूज आली त्याच आठवड्यात चित्र काढले असते, तर ती भरावीही लागली नसती, असे अध्यापक म्हणाले. आम्ही मान खाली घातली. खालच्या उजव्या दाढेचे पुढचे चित्र येत्या माघात काढावयाचे आहे, आणि यंदाच्या नाटकात आम्ही आहोत.