शीट फिल्मची मिनिटे

छायाचित्र घेणे म्हणजे कळ दाबणे, अशी पुष्कळांची समजूत असते. कळ दाबल्यानंतर अंधाऱ्या खोलीत जी पाच-दहा मिनिटे जातात, त्यांत त्या चित्राचे भवितव्य ठरत असते, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. आज बोलायचे आहे ते शीट फिल्मच्या मिनिटांविषयी. मोठ्या कॅमेऱ्यात एकेक करून घालावयाचा, चार बाय पाच किंवा आठ बाय दहा इंचांचा सुटा ताव म्हणजे शीट फिल्म. खिशातल्या मोबाइलने चित्रे काढण्याच्या या दिवसांतही ती तयार होते, आणि थोडे का होईनात, ती वापरणारे आहेत.

फिल्मवरील रौप्यक्षारांच्या ज्या कणांवर प्रकाश पडला, त्यांचे डेव्हलपरचे द्रावण काळ्या चांदीत रूपांतर करते. दृश्याच्या उजळ भागात असे कण विपुल असतात. म्हणून निगेटिव्हवर तिथला काळेपणा वाढतच जातो. सावलीत ते मुळातच थोडे. ते लवकर संपतात आणि मग कितीही वेळ थांबले तरी तिथे फारसे काही उमटत नाही. म्हणजे वेळ वाढविली की उजेड आणि सावली यांतले अंतर वाढते, कमी केली की ते आवरते.

ही गोष्ट मोजून दाखविली ती इंग्लंडमधील विडनेस गावच्या दोघा हौशी मित्रांनी. फर्डिनंड हर्टर हे मूळचे स्विस रसायनज्ञ, व्हेरो ड्रिफील्ड हे इंजिनियर. १८९० साली त्यांनी आपला निबंध प्रसिद्ध केला. तोवर छायाचित्रकाराचा समज असा होता, की लाल दिव्याखाली काच न्याहाळीत आपण हवी ती छटा हवी तशी घडवू शकतो. या दोघांनी सांगितले, की छटांचे परस्परसंबंध प्रकाश पडतो त्याच क्षणी ठरतात. तुमच्या हाती उरतो तो केवळ एकंदर उठाव. पीटर हेन्री एमर्सन या नामांकित छायाचित्रकाराने हे इतके मनाला लावून घेतले, की छायाचित्रण ही कला आहे हा आपलाच दावा त्याने जाहीरपणे मागे घेतला. मला वाटते, एमर्सनने घाई केली. उठाव हाती आहे, हे काही थोडे नव्हे.

अमेरिकेत १९३९-४०च्या सुमारास अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी याच मर्यादेतून एक पद्धत बांधली. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत छटांच्या पायऱ्या कल्पायच्या, सावली पाहून प्रकाश किती द्यायचा ते ठरवायचे आणि उजळ भाग पाहून डेव्हलपरची वेळ. आपल्याकडचे उदाहरण घेऊ. कार्ल्याच्या चैत्यगृहात मोठ्या गवाक्षातून ऊन येते आणि कडेच्या खांबांमागे काळोख असतो. खांबांसाठी प्रकाश भरपूर द्यावा लागतो. मग गवाक्ष जळू नये म्हणून वेळ कमी करावी लागते. उलट श्रावणातल्या धुक्यात सह्याद्रीचा कडा टिपला, तर सारे करडे करडे. तिथे वेळ वाढवावी. छत्तीस चित्रांच्या रोलमध्ये हे साधत नाही, कारण सगळ्यांना एकच न्याय. सुट्या तावाला मात्र स्वतःची वेळ देता येते.

मग कोष्टकातील आकड्याचे काय? इलफर्डच्या एचपी-५ प्लस फिल्मला आयडी-११ या डेव्हलपरमध्ये २० अंश सेल्सियसला साडेसात मिनिटे सांगितली आहेत. तेवढेच पाणी मिसळल्यास १३ मिनिटे. पण हा आकडा २० अंशांचा आहे, आणि आपल्याकडे, विशेषतः उन्हाळ्यात, नळाचे पाणी २० अंशांचे कुठले? त्याच कंपनीच्या हिशेबाने २० अंशांना जिथे चार मिनिटे लागतात, तिथे २३ अंशांना तीन पुरतात. याच प्रमाणाने २६ अंशांना साडेसात मिनिटांची जेमतेम सव्वाचार उरतात. इतक्या थोड्या वेळात द्रावण सर्वत्र सारखे पोचत नाही आणि आकाशावर डाग उठतात. निम्मे पाणी मिसळलेल्या द्रावणाची १३ मिनिटे मात्र २६ अंशांना सव्वासातच्या आसपास येतात, आणि ती निभावतात. बर्फाचा खटाटोप करण्यापूर्वी हा उपाय करून पाहावा. पाणी त्याहून तापलेले असेल, तर बर्फाला पर्याय नाही.

ट्रेमध्ये सहा ताव एकदम धुताना खालचा काढून वर ठेवीत राहावे लागते, तेही पूर्ण काळोखात. आधी साध्या पाण्यात भिजवले म्हणजे ते एकमेकांना चिकटत नाहीत. एकाचा कोपरा दुसऱ्यावर घासला की ओरखडा कायमचा. शिवाय हात सतत चालत असल्याने द्रावण अधिक जोमाने काम करते. वेळ थोडी कमी धरावी लागते. प्रत्येकाच्या हाताची चाल निराळी, म्हणून प्रत्येकाचे कोष्टकही शेवटी निराळे होते.

जे दृश्य पुन्हा मिळणार नाही, त्याचे दोन ताव सारखाच प्रकाश देऊन घ्यावेत. एक आधी धुवावा, वाळवावा, खिडकीशी धरून नीट पाहावा. त्यात उजळ भाग फार दाट झालेला दिसला तर मिनिटभर कमी, फिका वाटला तर मिनिटभर जास्त, असे वहीत टिपून ठेवावे. तोवर दुसरा ताव डब्यात बंद असू द्यावा.