हालत्या चित्रांतील पुसटपणा

सातपुड्यांत मोलगीजवळ काठी नांवाचें गांव आहे. तेथील राजवाडी होळींत भिल्ल नर्तक मोरपिसांचे टोप घालून, कमरेला भोपळे व घुंगरें बांधून रात्रभर नाचतात. होळी पेटते ती पहाटे. या नाचाचें छायाचित्र सेकंदाच्या सहस्रांशांत घेतलें, तर पीस न् पीस मोजतां येईल, पण नाच नाहींसा होईल. नर्तक एका पायावर गोठलेला दिसेल. तेंच १/३० सेकंदांत घ्यावें, म्हणजे पिसें पुसट होतात आणि टोप फिरूं लागतो.

हल्लीं घरोघरीं मुलें काँप्यूटरवर चित्रें हालविण्याचे लहानसे प्रोग्राम लिहितात. त्यांचीं चित्रें पहिल्या जातीचीं असतात. यंत्राला कॅमेऱ्याची झडप ठाऊक नाहीं. तें प्रत्येक क्षण रेखीव काढतें, आणि वेगानें जाणारा चेंडू सरकत न जातां उड्या मारीत जातो. चित्रपटाचा कॅमेरा सेकंदाला २४ चित्रें घेतो व दर चित्रास झडप साधारणतः १/४८ सेकंद उघडी असते. तेवढ्यांत वस्तु जेथें जेथें जाते, तेथें तेथें तिचा थोडाथोडा प्रकाश सांडतो. पुतळे जागच्या जागीं ठेवून केलेल्या चित्रपटांतही हा सांडलेला प्रकाश नसे. म्हणून १९८१ च्या 'ड्रॅगनस्लेयर'मध्यें झडप उघडी असतांनाच पुतळा यंत्रानें हालविला गेला.

प्रोग्रामांत उपाय असा: झडपेच्या काळांतील आठ क्षणांचीं आठ चित्रें यंत्राच्या स्मृतींत काढावीं आणि पडद्यावर त्यांची सरासरी तेवढी दाखवावी. त्या काळांत चेंडू ४० ठिपके सरकत असेल, तर चित्रें पांचपांच ठिपक्यांवर पडतील. मोठ्या चेंडूस तें पुरे. दोन ठिपके जाडीच्या काठीच्या मात्र आठ तुटक काठ्या दिसतील. तेथें चित्रांची संख्या वाढवावी. १९८४ मध्यें कुक, पोर्टर व कार्पेंटर यांनीं प्रत्येक ठिपक्यासाठीं वेगळे, यदृच्छेनें निवडलेले क्षण घेण्याची युक्ति मांडली. तिच्यानें तुटकपणा जाऊन बारीक रवा तेवढा उरतो.

सरासरींत एक गोम आहे. पडद्यास दिलेला अंक आणि पडणारा प्रकाश समप्रमाणांत नसतात. पांढऱ्याचा अंक २५५, काळ्याचा ०; त्यांची सरासरी १२८ घेतली, तर प्रकाश निम्मा न पडतां सुमारें पंचमांश पडतो. निम्म्या प्रकाशाचा अंक १८८ च्या आसपास आहे. म्हणून अंक आधीं प्रकाशांत बदलावे, सरासरी घ्यावी, मग पुन्हा अंक करावे. हें न केल्यास अंधारांतून उडणारी ठिणगी मळकट रेघ होऊन बसते.

कित्येक जण हा खटाटोप टाळून मागील चित्र फिकें करितात व त्यावरच नवें काढतात. काम झटपट होतें. पण चेंडूस धूमकेतूचें शेंपूट फुटतें, आणि त्याची पुढील कड रेखीवच राहते. कॅमेरा दोन्ही कडा सारख्याच पुसतो. मला तरी तें शेंपूट रुचत नाहीं. आठ चित्रांस आठपट काम पडतें हें खरें. यंत्र जुनें असेल, तर चारांवर भागवावें, आणि न हालणारें मागचें दृश्य एकदांच काढून ठेवावें.