हद्द आणि दिलेला शब्द
(साहाय्यकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आदिवासींमध्ये काम करताना एक वाक्य माझ्या कानांवर सतत पडते: "या लोकांना नियमच कळत नाहीत." आज मी तुम्हांला अमेरिकेतील एका खटल्याची हकीकत सांगतो. नियम कोणाला कळला नव्हता, हे ऐकून तुम्हीच ठरवा.

क्रो जमातीचे राखीव क्षेत्र मोंटाना राज्यात, वायोमिंगच्या सीमेला लागून आहे. २०१४ च्या हिवाळ्यात क्लेव्हिन हरेरा आणि त्यांच्या जमातीचे काही लोक एल्कच्या मागावर निघाले. एल्क म्हणजे आपल्या सांबरासारखे, पण त्याहून मोठे हरीण. माग काढता काढता ते हद्द ओलांडून वायोमिंगमधील बिगहॉर्न राष्ट्रीय वनात गेले. तेथे त्यांनी काही नर एल्क मारले आणि मांस घरी आणले.

वायोमिंगने हरेरांवर खटला भरला: हंगाम नसताना, राज्याचा परवाना नसताना शिकार केली. हरेरांचे म्हणणे होते की हा हक्क आम्हांला कराराने मिळालेला आहे. पण खटल्यात ही बाजू मांडण्याची परवानगीच त्यांना मिळाली नाही. ज्यूरीने त्यांना दोषी ठरवले.

हा करार १८६८ चा. क्रो लोकांनी तीन कोटी एकरांहून अधिक जमीन सोडली आणि सुमारे ऐंशी लाख एकर स्वतःकडे ठेवली. त्या बदल्यात अमेरिकेने त्यांना शब्द दिला की, संयुक्त संस्थानांच्या वस्ती नसलेल्या जमिनीवर तुम्हांला शिकार करता येईल. म्हणजे जमीन गेली, तरी शिकारीचा हक्क उरला होता.

वायोमिंग म्हणे, १८९० मध्ये आमचे राज्य झाले तेव्हाच तो हक्क संपला. शिवाय १८९७ मध्ये तेथे राष्ट्रीय वन झाले, म्हणून ती जमीन 'वस्तीची' ठरली. २० मे २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी दोन्ही मुद्दे फेटाळले. राज्य झाल्याने करार मोडत नाही आणि वन घोषित केल्याने सगळी जमीन आपोआप वस्तीची होत नाही.

मात्र हा निकाल म्हणजे मोकळे रान नव्हे. वनातील एखादी विशिष्ट जागा वस्तीची आहे का आणि वन्यजीव टिकवण्यासाठी राज्याला निर्बंध घालता येतील का, हे प्रश्न न्यायालयाने खुले ठेवले. आणि आपल्याकडे कोणी याचा भलता अर्थ घेऊ नये. आपल्या २००६ च्या वनहक्क कायद्याने शिकारीचा पारंपरिक हक्क स्पष्ट शब्दांत वगळला आहे.

तरी या हकीकतीतून आपण एक गोष्ट जरूर घ्यावी. पाड्यावरच्या एखाद्या माणसावर हद्द ओलांडल्याचा आरोप आला, तर लगेच मान हलवू नका. ही हद्द कोणी आखली, केव्हा आखली आणि त्याआधी या लोकांना कोणता शब्द दिला होता, हे विचारा. नकाशा मागा, जुने कागद मागा, आणि त्या माणसाला आपली बाजू मांडू द्या. हरेरांना ती संधी पहिल्याच दिवशी मिळाली असती, तर पाच वर्षे लागली नसती.