सरहद्दीवर गेलेल्या पूर्वजाचा शोध : जुने कागद काय सांगतात?

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय मी मुद्दाम निवडला आहे. जात पडताळणीच्या अर्जासोबत वंशावळ जोडायची असते, तेव्हा आपली मुले माझ्याकडे येतात. 'आजोबांचे पूर्ण नाव काय?' असे विचारले की उत्तर मिळते. 'त्यांच्या वडिलांचे?' असे विचारले की मुले गप्प होतात. पण तीच मुले अभिमानाने सांगतात, 'सर, आमचे पूर्वज पलटणीत होते, मोठ्या लढाईला गेले होते.' नाव माहीत नाही, पण लढाई माहीत आहे! या दोहोंमधली वाट कागदांतून कशी काढायची, हे मी माझ्याच घराच्या उदाहरणावरून सांगणार आहे.

आमचे मूळ गाव सातारा जिल्ह्यात. माझ्या आजीने तिच्या सासऱ्यांना, म्हणजे माझ्या पणजोबांना, डोळ्यांनी पाहिले होते. ती सांगायची, 'मामंजी काबूलला गेले व्हते. सुभेदार व्हते. हत्तीचा बिल्ला व्हता त्यांच्याकडं, रुपयापेक्षा थोरला, चांदीचा.' तो बिल्ला पुढे एका दुष्काळात सोनाराकडे मोडला गेला. आजी म्हणे 'एकोणीस पलटण', तर चुलत आजोबा म्हणत 'एकशे एकोणीस'. यावरून घरात वादही होत. आमच्याकडे असलेला सगळा पुरावा एवढाच.

लहानपणी मला ती गोष्ट वाटे. पुढे कळले की हत्तीचे पदक खरेच होते. १८७८ ते १८८० या काळात इंग्रजांचे अफगाणिस्तानशी दुसरे युद्ध झाले. त्यासाठी दिलेल्या चांदीच्या पदकाच्या मागच्या बाजूला कूच करणारे सैन्य आणि तोफ वाहणारा हत्ती आहे. आजीला लिहिता-वाचता येत नव्हते, पण तिने पाहिलेले बरोबर सांगितले होते. अशा पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव व पलटण कोरलेली असे. म्हणजे सोनाराच्या मुशीत नुसती चांदी वितळली नाही, आमच्या घराचा सर्वांत जुना दाखला वितळला. आपल्या घरी असे काही असेल तर ते मोडू नका, घासून गुळगुळीतही करू नका. आधी कडेवरची अक्षरे उतरवून घ्या.

आता '१९' आणि '११९' यांचा वाद. १९०३ साली हिंदी सैन्याची फेररचना झाली, तेव्हा मुंबईच्या पायदळ पलटणींच्या जुन्या क्रमांकात १०० मिळवण्यात आले. १९ व्या पलटणीची ११९ वी झाली. आजीही खरी आणि चुलत आजोबाही खरे! मात्र 'काबूल' हा शब्द तसाच घेता येत नाही. मुंबईच्या पलटणी प्रामुख्याने सिंध, बोलन खिंड, क्वेट्टा आणि कंदाहार या बाजूला होत्या. २७ जुलै १८८० रोजी मैवंद येथे इंग्रजांचा पराभव झाला आणि कंदाहारला वेढा पडला. १९ वी पलटण त्या वेढ्यात होती. १ सप्टेंबरला जनरल रॉबर्ट्सने अयूबखानाचा पराभव केला. गावाकडे सिंधपलीकडच्या सगळ्या मुलखाला 'काबूल' म्हणत असावेत. घरातली आठवण खोटी नसते, पण ती तपासून घ्यावी लागते.

मित्रहो, शोधाचा पहिला नियम असा की आपल्यापासून मागे जायचे, एकेक पिढी करीत. लढाईपासून खाली घराकडे यायचे नाही. कोरेगावच्या विजयस्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावे आहेत. त्यांतील २२ नावे 'नाक' शब्दाने संपतात. तेथे नतमस्तक होताना आपला ऊर भरून येतो. पण एखादे नाव आपल्या पणजोबांच्या नावाशी जुळले म्हणून तो आपलाच पूर्वज ठरत नाही. तेच नाव त्या काळी गावोगाव होते. त्या वीरांचा वारसा आपणा सर्वांचा आहे. वंशावळीत मात्र पुराव्यावाचून नाव घालू नये. आपण इतरांच्या बनावट वंशावळींवर टीका करतो, मग आपली वंशावळ चोख हवी.

दुसरा नियम नावांचा. त्या काळी आपल्या माणसांची आडनावे कागदावर क्वचितच येत. स्वतःचे नाव, पुढे 'नाक', मग बापाचे नाव आणि गाव, एवढेच लिहिलेले असे. लष्करी इंग्रजी कागदांत 'महार' ऐवजी पुष्कळदा 'परवारी' असे असते. इंग्रज कारकुनाने कानाला जसे वाटले तसे नाव लिहिले. म्हणून आजचे आडनाव घेऊन जुन्या कागदांत शिरू नका. बाबासाहेबांचेच उदाहरण घ्या. घराण्याचे आडनाव सकपाळ, गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. पण साताऱ्याच्या शाळेच्या दाखल रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी नोंद आहे ती 'भिवा रामजी आंबेडकर' अशी. 'सकपाळ' शोधणाऱ्याला ती सापडणार नाही. बापाचे नाव आणि गाव धरून चालणाऱ्यालाच ती सापडेल.

आपल्याकडे जनगणनेच्या घरोघरच्या याद्या जपल्या गेल्या नाहीत. त्यामुळे आपला आधार म्हणजे शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, जन्म-मृत्यूचे कोतवाल बुक, जमिनीचे फेरफार आणि वतनाचे कागद. मी वडिलांच्या शाळेच्या नोंदीवरून आजोबांपर्यंत गेलो आणि मग तहसील कचेरीत कोतवाल बुकाची नक्कल मागितली. पणजोबांचा मृत्यू 'तापाच्या साथीत' झाला, एवढे घरात माहीत होते. ती १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. त्या वर्षीच्या ऑक्टोबर महिन्याची पाने उलटताना हात थबकतो. एरवी महिन्याला चार-दोन नोंदी, आणि येथे पानामागून पान भरलेले. त्यांतच पणजोबांचे नाव, बापाचे नाव, जात, वय, आणि नावापुढे एकच शब्द : 'पेन्शनर'.

तो शब्द वाचून मी कचेरीच्या व्हरांड्यात बराच वेळ बसून राहिलो.

पुढचा कागद महार वतनाचा, मोडीत लिहिलेला. मला मोडी येत नव्हती. एका निवृत्त शिक्षकांनी ती वाचून दिली. त्यात भाऊबंदांच्या हिश्शांची यादी होती आणि महारकीची पाळी कोणत्या साली कोणाकडे, हे नोंदलेले होते. त्यातून पणजोबांच्या एका थोरल्या भावाचे नाव कळले. हा भाऊ आमच्या घरातून पूर्ण विसरला गेला होता. आज त्याची शाखा आम्हाला सापडली आहे. पण त्याच यादीत पणजोबांच्या नावापुढे लिहिले होते, 'पेन्शनर शिपाई'. सुभेदार नव्हे, शिपाई!

वडील तेव्हा हयात होते. त्यांना वाईट वाटले. 'कागद चुकीचा असेल,' असे ते म्हणाले. मी काही बोललो नाही. दोन दिवसांनी त्यांनीच तो कागद पुन्हा मागितला आणि पाळीच्या यादीवर बोट ठेवले. पणजोबा पेन्शनीवर गावी आल्यानंतरच्या एका सालाची पाळी त्यांच्या नावावर होती. कंदाहारच्या युद्धाचे पदक मिळवलेला माणूस गावात परतला, तेव्हा गावाच्या लेखी तो येसकरच होता. प्रत्यक्ष काम त्यांनी केले की मुलाने, हे कागद सांगत नाही. वडील एवढेच म्हणाले, 'म्हणून आई त्यांना सुभेदार म्हणत असेल.'

बंधू-भगिनींनो, सुभेदारी गेली, पण मला पणजोबा भेटले. आणि एक गोष्ट उमगली. मुलाने पलटणीत जावे असे त्यांना वाटले असेल, तर तोवर दार बंद झाले होते. १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती सरकारने थांबवली. त्याविरुद्ध निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली, तर शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली सरकारकडे अर्ज केले. 'आमच्या वाडवडिलांनी तुमच्यासाठी रक्त सांडले' हे त्यांचे म्हणणे होते. पूर्वजांची सेवा हा त्यांचा हक्काचा पुरावा होता. १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ साली मोडली. पुढे १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट स्थापन झाली. सरहद्दीवरच्या शिपायाचा नातू शेतमजूर का राहिला, याचे उत्तर आपल्या वंशावळीत या सनावळीसह लिहिले पाहिजे.

पलटणीच्या हजेरीपटात मात्र पणजोबा मला सापडले नाहीत. गोऱ्या अधिकाऱ्यांचे तपशील पुष्कळ मिळतात, साध्या हिंदी शिपायांचे थोडे. आजीचा शब्द, बिल्ल्याचे वर्णन, पलटणीचा क्रमांक आणि 'पेन्शनर' ही नोंद, हे चारही एकाच दिशेला बोट दाखवतात. वंशावळीत मी लिहिले आहे : 'घरातील आठवणीनुसार १९ वी पलटण.' जे कागदावर आहे ते कागदाचे, जे आठवणीतले आहे ते आठवणीचे.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमचे काम सांगतो. एक वही करा. आधी घरातल्या वृद्ध बायकांना विचारा, कारण माहेर-सासरची नाती त्यांनाच ठाऊक असतात. वारसनोंदीत बहुधा मुलगेच असतात. पणजोबांचे नाव मला तीन कागदांत मिळाले, पणजीचे एकाही कागदात नाही. ते फक्त आजीने सांगितले म्हणून उरले. मग शाळेचा दाखला काढा, मग कोतवाल बुक, मग फेरफार. १ ऑगस्ट १९५९ पासून कनिष्ठ गावकामगार वतने खालसा झाली, त्या वेळचे फेरफार अवश्य पाहा. काही जुने अभिलेख आता संगणकावरही दिसतात. १० ऑगस्ट १९५० पूर्वीची जातीची नोंद मिळाली तर तिची प्रमाणित नक्कल घेऊन जपून ठेवा. तुमच्या मुलाबाळांना ती लागेल. १९५६ नंतरच्या कागदांत 'बौद्ध' किंवा 'नवबौद्ध' असे दिसेल. तो आपल्या क्रांतीचा दाखला आहे, त्यालाही वंशावळीत मानाची जागा द्या. आणि जमल्यास मोडी शिका. आपल्या कित्येक घरांचा इतिहास तिच्यात अडकून पडला आहे.

आपल्या माणसांची नावे सरकारने लिहिली ती पगार द्यायला, पाळी लावायला, नाहीतर मृत्यू नोंदवायला. त्यांना माणूस म्हणून लिहून ठेवणारे कोणी नव्हते. ते काम आता आपले आहे. आज घरी गेल्यावर आजी-आजोबांजवळ बसा आणि त्यांच्या आई-वडिलांची नावे लिहून घ्या. उद्यावर ढकलू नका.